तिफणीच्या लाकडाची लेखणी

घरामागे कुडाला टेकून ठेवलेली जुनी तिफण एकदा नीट पाहा. ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्र आल्यापासून ती शेतात गेलेली नाही. चाडे कोणीतरी मुलांनी खेळायला नेले, नळ्या फुटल्या, आणि उरलेले लाकूड येत्या पावसाळ्यात चुलीत जाणार हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबांनी ते लाकूड निवडून आणले, सुताराने ते तासले, आणि कित्येक मृगनक्षत्रे त्याने बी जमिनीत सोडले. आता त्याची किंमत दोन वेळच्या भाकरीच्या जाळाइतकी. या लाकडाची लेखणी होते असे सांगितले, तर तुम्ही हसाल. पण होते, आणि चांगली होते.

आपला वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला, म्हणून तो नवा म्हणायचा. लेखणीशी त्याचे नाते मात्र फार जुने आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथे १९३९ साली विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट सापडला. त्यातला मजकूर काही संस्कृतात तर काही प्राकृतात आहे. तांब्यावरचे ते लिखाण छिन्नीचे, लेखणीचे नव्हे. लेखणीचे खरे वैभव पाहायचे तर कारंज्याला जावे लागते.

कारंजा लाड हे गाव बहुतेकांना नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून माहीत असते, आणि दर्शनाला जाणारा माणूस तिथूनच परत फिरतो. पण याच गावात बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तीन जैन परंपरांची मंदिरे आहेत, आणि त्यांच्या भांडारांत पिढ्यान् पिढ्या हस्तलिखित पोथ्या जपून ठेवल्या गेल्या. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची प्रसिद्ध केली. तिच्यामुळे कारंज्याचे धन विद्वानांच्या नजरेत भरले. पुढे कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. तिच्यात पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ साली संपादून छापले, आणि अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ काढले. दोन्ही हिरालाल वेगळे बरे का, घोटाळा करू नका. हे ग्रंथ ज्या अपभ्रंश भाषेतले आहेत, ती आपल्या मराठीच्या आधीच्या पिढीतली भाषा. दहाव्या शतकातल्या कवीचे शब्द हजार वर्षांनी आपल्या हाती आले, ते कोणीतरी बोरूने एकेक ओळ उतरवून घेतली म्हणून. एक पोथी जीर्ण झाली की दुसरी लिहायची, असे ते चालले.

हा बोरू म्हणजे तरी काय? ओढ्याकाठी उगवणाऱ्या वेताएवढ्या जाड गवताचे एक कांडे. बाजारात विकत घेण्यासारखे त्यात काही नाही. नैसर्गिक वस्तूची लेखणी म्हटले की आजकाल लोकांना परदेशातली हौस आठवते. आपल्याकडे ती हौस नव्हती, रोजचे काम होते. कुळकर्ण्याची मोडी आणि पोथीची बाळबोध या दोन्ही लिप्या याच कांड्याने लिहिल्या. म्हणूनच नुसते लिहीत बसणाऱ्याला आपण अजून बोरूबहाद्दर म्हणतो.

आधी बोरू करून पाहा

लेथ, किट, पॉलिश ही सगळी नंतरची गोष्ट. ज्याला लेखणी करण्याची आवड लागायची आहे, त्याने पहिली लेखणी चाकूने करावी. खर्च काही नाही, आणि हाताला लाकडाची भाषा कळते.

पिकून पिवळे पडलेले, करंगळीपेक्षा थोडे बारीक असे कांडे घ्या. बोरूचे गवत आसपास नसेल तर बारीक बांबूची फांदी चालते. हिरवे कांडे लगेच कापू नका, सुकताना ते आकसते आणि टोक वाकडे होते. सावलीत महिनाभर ठेवा. उन्हात टाकलेले कांडे उभे चिरते. मग एक वीतभर लांबीचा तुकडा कापा. एका टोकाला चाकूने तिरका लांब छेद द्या, जसा आपण खुंटीला टोक काढतो तसा, पण एकाच बाजूने. आतला मऊ भुसा खरवडून काढा. दोन्ही कडा थोड्या तासून टोक हवे तेवढे रुंद ठेवा. नंतर टोकाच्या बरोबर मध्ये चाकूची धार ठेवून हलकेच दाबा, म्हणजे अर्ध्या बोटाएवढी चीर जाईल. या चिरेतून शाई खाली उतरते. चीर जास्त गेली तर लेखणी दोन जिभांची होते आणि फटकारे मारते. शेवटी टोक कठीण वस्तूवर धरून एका दाबात तोडायचे. जुने लोक यालाच कलम करणे म्हणत.

हा शेवटचा छेद सरळ नसतो, तिरपा असतो, आणि इथे एक गंमत आहे. रोमन अक्षरांच्या लेखणीचा तिरपा छेद एका बाजूला असतो, आपल्या देवनागरीचा त्याच्या उलट. त्यामुळेच शाळेच्या दुकानातली परदेशी पद्धतीची रुंद निब घेऊन ‘अ’ काढला तर तो कुठेतरी चुकल्यासारखा दिसतो. जाड हवे तिथे बारीक होते आणि बारीक हवे तिथे जाड. बोरू स्वतः तोडणाऱ्याला हा त्रास नाही. दोन्ही बाजूंनी तोडून पाहावे, आणि ज्या छेदाने कित्त्यातल्यासारखे अक्षर येते तो ठेवावा.

शाईसाठी तिळाच्या तेलाचा दिवा लावून वर उपडे भांडे धरून काजळी जमवा, बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून तिच्यात घाला आणि खलत बसा. जितके खलाल तितकी शाई चांगली. दहा मिनिटे खललेली शाई कागदावर दाणे टाकते, दुपारभर खललेली मखमलीसारखी बसते. काजळीची शाई उन्हाने उडत नाही, म्हणून जुन्या पोथ्या आजही काळ्याभोर वाचता येतात. लोखंडाचा हिराकस घालून केलेली शाई वेगळी. ती दिसते छान, पण वर्षानुवर्षे कागदाला खात जाते. आणि हो, काजळीची शाई फाउंटन पेनमध्ये भरू नका. डिंक आत वाळून बसला की पेन कायमचा गेला.

वर्ध्याला आलेले पेन

बोरूच्या जागी पुढे टाक आला. टाकाचे पाते पोलादी, पण दांडा लाकडीच. मग झरणी आली, जिला आता सगळे फाउंटन पेनच म्हणतात. ती परदेशी होती. १९३५ साली आंध्रातल्या राजमहेंद्री गावच्या के. व्ही. रत्नम या कारागिराने हाताने केलेले एक फाउंटन पेन गांधीजींकडे पाठवले. ते अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत पोहोचले. संघाचे ठाणे वर्ध्याला मगनवाडीत होते, म्हणजे आपल्या विदर्भातच. गांधीजींनी पेन वापरून पाहिले, आणि जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून आभाराचे पत्र पाठवून परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो असे कळवले.

रत्नम यांची पेने एबोनाइटची. हे नाव ऐकून घाबरू नका. रबराच्या झाडाचा चीक गंधक घालून तापवला की शिंगासारखा कडक होतो, तेच एबोनाइट. त्याची कांडी लेथवर कातून पेनाचे अंग करतात. शाईने ते फुगत नाही. लाकडाचे तसे नाही. लाकडाला शाई लागली की ते पिते आणि फुगते. म्हणून लाकडाचे फाउंटन पेन करायचे झाले तरी शाई भरायची जागा आतून वेगळ्या वस्तूची असावी लागते. नवशिक्याने त्या वाटेला जाऊच नये. त्याने लाकडाचे बॉलपेन करावे.

कोणते लाकूड?

येथे शेतकऱ्याइतका जाणकार दुसरा कोणी नाही. शहरातला हौशी माणूस दूरदेशीचे लाकूड पैसे देऊन मागवतो. तुमच्या गोठ्यात त्याहून चांगले पडलेले असते.

बाभूळ पाहा. गाडीच्या चाकाचा तुंबा बाभळीचा, कारण ती फुटत नाही. तिचा गाभा तांबूस, जड, आणि घासला की काचेसारखा तुळतुळीत. तिवस लवचीक आणि चिवट, म्हणून अवजारांना आणि गाडीच्या दांड्यांना वापरत. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याचा. अंजन इतका कठीण की पटाशीची धार दर थोड्या वेळाने लावावी लागते, पण त्याचा काळपट तपकिरी रंग पेनाला फार शोभतो. साग मऊ, कातायला सोपा, शिकायला उत्तम. टेंभुर्णीच्या जुन्या झाडाच्या मध्यात काळी नस मिळते. बोर, चिंच, सीताफळ, कडुनिंब यांच्या छाटलेल्या फांद्याही चालतात. झाडाला जिथे गाठ आलेली असते, तिथले लाकूड तर सोडूच नका. सुतार ज्या गाठीला शिव्या देतो, तिच्यातच पेनाला सुंदर नक्षी मिळते.

जुन्या अवजाराच्या लाकडाचा मोठा गुण म्हणजे ते पुरते वाळलेले असते. पेनाचे लाकूड अखेरीस नखाच्या जाडीचे उरते आणि ते पितळी नळीवर चिकटवलेले असते. पितळ आकसत नाही. लाकडात ओल राहिली असेल तर ते पुढे आकसते, आणि आतली नळी त्याला हलू देत नाही म्हणून उभी चीर पडते. पेन झाल्यावर महिन्याने पडलेली ही चीर भरून निघत नाही. ओली फांदी वापरायची असेल, तर तिचे छोटे चौकोनी तुकडे करून दोन्ही टोकांना मेण लावा आणि सावलीत ठेवा. दर महिन्याला तराजूवर वजन करून भिंतीवर लिहून ठेवा. वजन घटायचे थांबले की लाकूड वाळले. बांबू असेल तर तो वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून मग वाळवावा. त्यातली साखर-पिष्ट निघून जाते आणि भुंगा लागत नाही.

लाकडाखेरीजही बरेच काही आहे. नारळाची करवंटी, म्हशीच्या शिंगाचे भरीव टोक, दाणे काढून घेतलेले मक्याचे कणीस. कणीस मऊ आणि भुसभुशीत असते, म्हणून ते आधी पातळ चिकट द्रवात भिजवून कडक करतात आणि मग कातले की मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी येते. तुराटीचे मला विचाराल तर नको म्हणेन. तिच्या मधोमध गाभा मऊ आहे, आणि बरोबर तिथेच भोक पाडायचे असते. पऱ्हाटीची काडी बारीक, पण जुन्या झाडाचा मुळाजवळचा जाड भाग मिळाला तर प्रयत्न करून पाहा.

काही गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. बिब्याचे लाकूड कातू नका. बिब्याचे तेल अंगावर उतते हे घरातल्या आजीला विचारा, आणि त्याचा भुसा तर डोळ्यात जाणार. कण्हेरीचे लाकूड विषारी, तेही नको. जंगलात सापडलेले हरणाचे शिंग किंवा साळिंदराचा काटा आणून पेन करणे १९७२च्या वन्यजीव कायद्यात अडकवते. सापडले म्हणून आपले होत नाही. आणि पेनासाठी उभे झाड तर तोडायचेच नाही. साग, मोह, चिंच, आंबा, तिवस, अंजन, खैर ही झाडे स्वतःच्या शेतात असली तरी १९६४च्या कायद्याप्रमाणे तोडायला परवानगी लागते. बांबूचे तसे नाही. २०१७ पासून वनाबाहेरच्या बांबूला वनकायद्यात झाड मानत नाहीत.

लेथवरचे काम

दोन इंच जाडीच्या, दोन फूट लांब अशा रुमण्याच्या तुकड्याचा हिशोब करा. पेनाला पाऊण इंच चौरस आणि पाच इंच लांब तुकडा लागतो. करवतीची वाट सोडून जाडीत चार पट्ट्या निघतात, आणि प्रत्येक पट्टीत चार तुकडे. म्हणजे एका रुमण्यात सोळा पेने. फक्त करवत लावण्याआधी खिळे शोधा. जुन्या अवजारात मोडलेला खिळा आत लपलेला असतो आणि तो पाते खाऊन टाकतो. चुंबक फिरवला की कळते.

पेनाचे किट बाहेरून मागवावे लागते. त्यात दोन पितळी नळ्या, टोक, खटका फिरवायचे यंत्र, खिशाला लावायची पट्टी असे भाग येतात. नेहमीच्या बारीक पेनाच्या नळीला सात मिलिमीटरचे भोक लागते. तुकडा मधोमध कापण्याआधी त्याच्यावर पेन्सिलीची एक रेघ ओढा, म्हणजे दोन्ही भागांच्या रेषा पुढे एकमेकांशी जुळतील. हे न केलेले पेन वरून एका झाडाचे आणि खालून दुसऱ्या झाडाचे दिसते. भोक पाडताना गिरमिट पुनःपुन्हा वर काढून भुसा झटका. एका दमात खाली नेले तर लाकूड तापून तडकते. पितळी नळी पॉलिश पेपरने खरखरीत करून, दोन नळ्यांतला मिसळायचा डिंक लावून, फिरवत फिरवत आत बसवा आणि रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी टोके काटकोनात सपाट करायची. हे काम कंटाळवाणे, पण पेन बिघडते ते बहुधा इथेच. टोक जरा तिरके राहिले की जोडताना फट दिसते. मग दोन्ही भाग पोलादी सळईवर चढवून लेथ सुरू करायचा आणि धार लावलेल्या गोल पटाशीने चौकोनाचा गोल करायचा. पटाशी दाबू नका. लाकूड स्वतःहून तिच्यावर येऊ द्या. भुसा कुरळ्या फितीसारखा निघू लागला की हात बसला समजा. भुकटी उडू लागली तर धार गेली आहे.

चकाकीसाठी आपल्याकडे लाखेसारखी वस्तू नाही. पळसावर, बोरीवर लाखेचा किडा बसतो, त्याच्या राळेची ही लाख. कातारी लोक फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाने ती वितळून पसरते, आणि सावंतवाडीकडे तर वरून केवड्याच्या पात्याने घोटून तिला आरशासारखी करतात. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख फडक्याने लावली तरी काम होते. फक्त असे पेन वैशाखात ट्रॅक्टरच्या पुढच्या फळीवर उन्हात ठेवू नका, लाख मऊ होऊन बोटांचे ठसे उमटतात.

मळणीयंत्रात हात गेलेला माणूस प्रत्येक गावात आहे. लेथ लहान असला तरी जात तीच. उपरणे, ओढणी, पदर, सैल बाही, बांगड्या, हातातला दोरा, काही म्हणजे काही फिरत्या यंत्राजवळ नको. हातमोजेही नकोत, ते ओढले जातात. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर मुसके हवे. लाकडाची बारीक भुकटी वर्षानुवर्षे नाकात गेल्याने दमा आणि नाकाच्या आतला कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. स्वयंपाकघराच्या शेजारी किंवा तान्ह्या मुलाच्या पाळण्याच्या खोलीत हे काम मांडूच नये.

पैसे मिळतील का?

हा प्रश्न तुम्ही सुरुवातीपासून मनात धरला असणार. स्पष्ट सांगतो, यावर सोयाबीनचे नुकसान भरून निघणार नाही. असे सांगणारा कोणी लेथ विकायला आला तर त्याला चहा द्या आणि पाठवून द्या. कर्ज काढून लेथ घेऊ नका. तालुक्याला एखादा लेथवाला किंवा गावचा सुतार असेल, त्याच्याकडे मोकळ्या वेळात बसून पहिली दहा पेने करा. त्यातली चार फुटतील, दोन वाकडी होतील. उरलेल्या चारांवर किट, डिंक, पॉलिश पेपर, वीज आणि स्वतःची मजुरी वाटून पाहा. लाकूड फुकट म्हणून मजुरीही फुकट धरायची, ही आपली जुनी खोड आहे. शेतीतही आपण तेच करतो आणि मग नफा झाला म्हणतो.

हिशोब जमला तर गिऱ्हाईक कोण? नुसते लाकडी पेन यंत्रावर हजारोंनी निघते आणि ते तुमच्याहून स्वस्तच राहणार. त्याच्याशी भाव करायला जाऊ नका. पण निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला गावाने द्यायचे पेन, त्याच शाळेच्या अंगणातल्या पडलेल्या निंबाचे. लेकीच्या लग्नात माहेरच्या बोरीचे. चार भावांची वाटणी झाली, तिफण कोणाच्याच वाट्याला नको होती, तर त्या एका तिफणीची चार पेने. अशा पेनाला यंत्राची बरोबरी नाही, कारण ते लाकूड दुसऱ्या कोणाकडे नाहीच. ते कुठले, कोणत्या शेतातले, हे एका चिठ्ठीवर लिहून पेनासोबत द्या. ती चिठ्ठी खरी असली पाहिजे, एवढे मात्र सांभाळा. अंजन म्हणून रंगवलेली बाभूळ एकदा पकडली गेली की तालुक्यात नाव गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या मुलामुलींना हाताशी घ्यायला हरकत नाही. त्यांना लेथजवळ नको, बोरू तोडायला बसवा. दहा-बारा कांडी वाया जातील. तेरावे बहुधा लिहील. आणि ही सगळी तयारी मृगाच्या आत उरका. पाऊस लागला की हवेतली ओल लाकूड पिते, डिंक नीट धरत नाही, आणि तुम्हालाही मग शेतातून वर मान काढायला सवड मिळत नाही.